मेडिक्लेमवर आणखी एक विमा घ्यावा का? कोकणातल्या घराचा हिशेब

रत्नागिरीहून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल त्याहून जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात. मंडणगड-दापोलीकडचा पेशंट मुंबईला निघाला की रात्र गाडीतच जाते. आपल्याकडे मोठ्या आजारपणाचा खर्च हॉस्पिटलच्या काउंटरवर पोचण्याआधीच सुरू झालेला असतो. त्यामुळे शहरातल्या माणसासाठी लिहिलेला विम्याचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

‘मेडिक्लेम आहे ना, मग वर टॉप-अप घ्या’, ‘हॉस्पिटल कॅश घ्या, रोजचे पैसे मिळतात’ असं हल्ली बँकेतला माणूस, ओळखीचा एजंट आणि फोनवरून बोलणारी मुलगी असे सगळेच सांगतात. हे सगळे पूरक विमे. मूळ आरोग्य विमा जिथे संपतो किंवा ज्या खर्चाला तो हातच लावत नाही, तिथे त्यांचं काम सुरू होतं. टॉप-अप, सुपर टॉप-अप, वैयक्तिक अपघात विमा, हॉस्पिटल कॅश आणि गंभीर आजार विमा ही त्यातली नेहमी भेटणारी नावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मूळ विमा असेल तर पहिला विचार सुपर टॉप-अपचा, म्हणजे ठरलेल्या रकमेपुढचा वर्षभराचा खर्च देणाऱ्या विम्याचा, करावा. ज्याचं पोट झाडावर, होडीवर किंवा दुचाकीवर आहे त्याने अपघात विमा टाळू नये. हॉस्पिटल कॅश आणि गंभीर आजार विमा घरची परिस्थिती बघून. मूळ विमाच नसेल तर आधी तो. बाकीचं वाचायला घाई नाही. आता हिशेब.

पायरी १: घरात आधीच काय आहे ते मांडा

वहीच्या एका पानावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि वय लिहा, आणि समोर त्याला आज कुठला विमा किंवा योजना लागू आहे ते. बऱ्याच घरांत हे पान लिहिताना दिसतं की एकाच माणसाला तीन ठिकाणी संरक्षण आहे आणि दुसऱ्याला कुठेच नाही. ती दुसरी व्यक्ती बहुधा घरची बाई असते, जिच्या नावावर ना पगार, ना सातबारा.

रेशनकार्डापासून सुरुवात करा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यातून होतात. ‘आपलं कार्ड पांढरं, आपल्याला काही नाही’ हे अजूनही ओटीवर बसून ठामपणे सांगणारे भेटतात. ते आता खरं नाही. योजनेच्या मर्यादा दोन: उपचार ठरलेल्या यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेतलं हवं. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, कागदपत्रांचं त्यालाच विचारायचं. हेल्पलाइन १५५३८८. वेळ येण्याआधी एकदा फोन करून तुमच्या तालुक्याहून हृदयविकार, अपघात आणि मूत्रपिंडासाठी योजनेतलं सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं ते विचारून त्याच पानावर लिहा. ॲम्ब्युलन्स दारात उभी असताना हा शोध लागत नाही.

घरात ७० वर्षांवरचं कोणी असेल तर त्यांचं वेगळं कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ‘वय वंदना’ कार्डावर वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड घेता येतं. वय आधारवरचं धरतात, म्हणून आजोबांच्या आधारवर जन्मतारीख चुकली असेल तर ती दुरुस्ती आधी.

लोटे-परशुराम, महाड, रोहा या औद्योगिक वसाहतींत कामाला असलेल्यांपैकी ज्यांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे, त्यांना सहसा ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असतं आणि त्यात घरचेही येतात. पगार त्यापुढे गेला की ते थांबतं, आणि कंपनी ग्रुप मेडिक्लेम देते की नाही हे विचारणं तुमच्या अंगावर येतं.

आणि मग चाकरमानी. मुंबईतल्या मुलाच्या ऑफिसचा मेडिक्लेम हा कोकणातल्या हजारो म्हाताऱ्यांचा एकमेव विमा असतो, आणि तो नक्की काय आहे हे त्या मुलालाही माहीत नसतं. त्याला तीन प्रश्न विचारा. आई-वडिलांची नावं पॉलिसीत खरोखर घातली आहेत का? त्यांच्या बिलात आपला वाटा, म्हणजे को-पे, किती टक्के? नोकरी सुटली तर काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमी एकच असतं: नोकरी गेली की विमा गेला. त्या दिवशी वडील ६६ वर्षांचे आणि मधुमेही असतील तर नवी पॉलिसी सहज मिळत नाही, मिळाली तरी स्वस्त नसते.

पायरी २: खड्डा नक्की कुठे आहे?

पूरक विमा घेण्याआधी कमी काय पडतंय ते ठरवा, कारण प्रत्येक कमतरतेवरचं औषध वेगळं आहे. रक्कम अपुरी असेल तर सुपर टॉप-अप. कमाई बुडण्याची भीती असेल तर अपघात विमा किंवा हॉस्पिटल कॅश. काही कमतरता मात्र अशा असतात की त्यांवर कुठलाच पूरक विमा चालत नाही. त्यातली सर्वांत महाग म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा. ही जरा नीट समजून घ्या.

समजा, तुमची पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीभाडं रोजचं १ टक्का, म्हणजे ३ हजार, इतकंच मान्य आहे. तुम्ही ६ हजारांची खोली घेतली, ५ दिवस राहिलात. बिल २ लाख झालं: खोली ३० हजार, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १ लाख २० हजार, औषधं आणि तपासण्या ५० हजार. लोकांना वाटतं, खोलीचे जास्तीचे १५ हजार तेवढे आपल्या खिशातून जातील. तसं होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून डॉक्टर, थिएटर, नर्सिंगचा खर्चही निम्माच धरला जातो. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. कंपनी देते १५ हजार, अधिक ६० हजार, अधिक ५० हजार, म्हणजे १ लाख २५ हजार. उरलेले ७५ हजार तुमचे. वर ५ लाखांच्या पुढचा सुपर टॉप-अप असला तरी तो इथे जागाही होत नाही, कारण बिल त्याच्या हद्दीपर्यंत पोचलेलंच नाही.

अशी पॉलिसी असेल तर वर दुसरी चढवण्याआधी मूळची बदला. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करून पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येते आणि आधी काढलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे काही आजारांचे पैसे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, मोजला जातो. नवी कंपनी नाही म्हणू शकते, म्हणून होकार येईपर्यंत जुनी चालू ठेवायची.

हातमोजे, सिरिंज, काही डिस्पोजेबल वस्तू यांचे पैसेही साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. न मिळणाऱ्या अशा ६८ बाबींची यादीच आहे. त्यासाठी कन्झ्युमेबल्सचं जोडकलम, म्हणजे रायडर, मिळतं. परवडलं तर घ्या.

पायरी ३: सुपर टॉप-अप

टॉप-अप विम्यात एक रक्कम ठरलेली असते. तिथपर्यंतचा खर्च तुम्ही कुठूनही करा, त्यापुढचा कंपनी करते. या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. घराच्या जोत्यासारखं समजा: पाणी जोत्यापर्यंत चढलं तर ते तुम्ही सोसायचं, त्याच्या वर आलं की कंपनीचं. जोतं जितकं उंच, तितका हप्ता कमी. म्हणूनच मोठ्या रकमेचा सुपर टॉप-अप तेवढ्याच रकमेच्या मूळ पॉलिसीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत फरक एवढाच की साधा टॉप-अप प्रत्येक ॲडमिशन वेगळं मोजतो आणि सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज मोजतो. समजा, डिडक्टिबल ५ लाख आहे. ऑगस्टमध्ये एका ऑपरेशनला साडेतीन लाख लागले, जानेवारीत दुसऱ्या आजाराला ४ लाख. साध्या टॉप-अपमधून एक रुपया मिळणार नाही, कारण दोन्ही बिलं पाचाच्या आत. सुपर टॉप-अप बेरीज करतो, साडेसात लाख, आणि वरचे अडीच लाख देतो. नव्याने घेणाऱ्याने साध्या टॉप-अपकडे बघू नये असं मी म्हणेन. एजंटने कोटेशन दिलं की त्यावर ‘सुपर’ आणि ‘ॲग्रिगेट डिडक्टिबल’ असं लिहिलंय का ते तपासा.

डिडक्टिबल किती ठेवायचं? हातात खात्रीचा विमा जितका, तितकं. मूळ मेडिक्लेम ५ लाखांचा असेल तर ५. आता इथे एक मोह होतो: रेशनकार्डाची योजना ५ लाखांची आहेच, मग मूळ पॉलिसी कशाला, थेट ५ लाखांच्या पुढचा सुपर टॉप-अप घेऊ. कागदावर हे जमतं, कारण सुपर टॉप-अप घ्यायला मूळ पॉलिसी असण्याची सक्ती नसते. पण त्या रात्री पेशंट योजनेत नसलेल्या हॉस्पिटलात गेला, किंवा उपचार यादीत नसला, तर पहिले ५ लाख तुम्हीच उभे करायचे. ज्यांना पतसंस्थेतून, सोनं ठेवून किंवा बागेच्या करारावर एवढी रक्कम आठवड्यात उभी करता येते त्यांनी हा मार्ग विचारात घ्यावा. बाकीच्यांनी आधी छोटी मूळ पॉलिसी घ्यावी. ‘आरोग्य संजीवनी’ ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींची मिळणारी पॉलिसी एप्रिल २०२० पासून आहे. तिच्यात ५ टक्के को-पे आहे, मोतीबिंदूला मर्यादा आहे, पण अटी सरळ आहेत आणि नवख्या माणसाला समजतात.

योजनेतून झालेला उपचार डिडक्टिबलमध्ये धरणार का, हे कंपनीला ई-मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी ‘हो हो’ला इथे किंमत नाही.

चाकरमान्यासाठी आणखी एक. ऑफिसच्या विम्याला मूळ धरून वर सुपर टॉप-अप घेतला असेल तर नोकरी सुटल्यावर जोतं तेवढंच उंच राहतं आणि खालचा आधार निघून जातो. काही कंपन्या अशा वेळी डिडक्टिबल काढून टाकण्याची किंवा कमी करण्याची सोय देतात. घेतानाच विचारा.

आई-वडिलांना तुमच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीत, घालू नका. हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, आणि वडिलांच्या एका बायपासमध्ये सगळ्यांची रक्कम संपू शकते. त्यांची पॉलिसी वेगळी. ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी मिळतच नाही हा समजही सोडा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये ती वयाची अट काढली आहे. कंपनी वैद्यकीय तपासणी मागेल आणि हप्ता जड असेल, हे मात्र खरं.

पायरी ४: अपघात विमा, आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित

नारळाच्या झाडावरून पडणं, आंबा काढताना फांदी मोडणं, पावसाळ्यात विजेची तार, रात्री पाणंदीत फुरसं, होडीवर दोरीत अडकलेला हात, काजूच्या कारखान्यात भाजणं आणि वर्षानुवर्षं काम चाललेला मुंबई-गोवा महामार्ग. कोकणातल्या कमावत्या माणसाला साठीच्या आत गाठणारं संकट पुष्कळदा यातलंच एखादं असतं. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देतो. त्यानंतर सहा महिने झाडावर चढता आलं नाही, किंवा हात कायमचा गेला, तर त्याचं काही देत नाही.

आधी सरकारी बघू, कारण ते जवळपास फुकट आहे. प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख आणि अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख देते. वय १८ ते ७०, पैसे बँक खात्यातून आपोआप कापले जातात. मे अखेरीस खात्यात शिल्लक नसली की ती बंद पडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पासबुकात ती नोंद शोधा.

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तीत झाडावरून किंवा उंचावरून पडणं, सर्पदंश, विंचूदंश, वीज पडणं, बुडणं हे सगळं येतं, आणि सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याबरोबर घरातल्या आणखी एका व्यक्तीलाही लाभ मिळतो. मृत्यूला २ लाख. हप्ता नाही, पण अर्ज वेळेत करावा लागतो. कृषी सहाय्यकाला लगेच गाठायचं आणि सर्पदंशात मृत्यू झाला तर कारण सिद्ध करणारे वैद्यकीय कागद सांभाळायचे. सामायिक सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं असतात आणि बाग राबणाऱ्याचं नाव नसतं, ही आपली जुनी गोष्ट इथेही आडवी येते.

मच्छीमारांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, अपघाताने हॉस्पिटलात जावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. तुमच्या सोसायटीने तुमचं नाव यादीत पाठवलंय का, एवढंच तपासायचं. तांडेलाचं नाव असतं, खलाशाचं राहून जातं.

या सगळ्या रकमा कमावत्या माणसाच्या घराला वर्ष-दोन वर्षं पुरतील इतक्याच. त्यावर खासगी अपघात विमा घ्यावा. ‘सरल सुरक्षा बिमा’ ही सगळीकडे सारख्या अटींची पॉलिसी अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत मिळते. घेताना दोन गोष्टी बघा: अंशतः कायमचं अपंगत्व त्यात आहे का, आणि तात्पुरतं अंथरुणाला खिळल्यास आठवड्याला रक्कम मिळण्याचं जोडकलम आहे का. अर्जात व्यवसाय खरा लिहा. ‘शेती’ लिहून झाडपाडीचं काम करणाऱ्याचा दावा अडकायला वेळ लागत नाही.

पायरी ५: हॉस्पिटल कॅश आणि गंभीर आजार

हॉस्पिटल कॅश बिल बघत नाही. ॲडमिट असलेल्या प्रत्येक दिवसाला ठरलेली रक्कम देतो. ऐकायला गोड आहे. पण बहुतेक पॉलिसींत पहिला दिवस मोजत नाहीत आणि वर्षाला दिवसांची मर्यादा असते. रोजचे हजार रुपये धरले आणि ५ दिवस ॲडमिट झालात तर हाती ४ हजार. डायलिसिससारख्या काही तासांच्या उपचाराला सहसा काहीच नाही. पगार चालू राहणाऱ्या शिक्षकाने किंवा बँक कर्मचाऱ्याने यावर पैसे घालू नयेत. रिक्षावाला, खलाशी, सुतार, हंगामातला आंबा-कामगार यांच्या घरात मात्र माणूस ॲडमिट झाला की चूल थांबते, आणि सोबतीला गेलेल्याचीही मजुरी बुडते. त्यांना ही रक्कम कोल्हापुरातल्या जेवणा-राहण्याला उपयोगी पडते.

गंभीर आजार विम्यात ठरलेल्या यादीतला आजार निघाला की पूर्ण रक्कम एकदम मिळते. बिल किती झालं याचा संबंध नाही. कॅन्सरच्या उपचारासाठी सिंधुदुर्गातलं कुटुंब मुंबईत महिनोन् महिने राहतं तेव्हा हॉस्पिटलच्या बिलाइतकाच जीव घेतं ते खोलीचं भाडं आणि बुडालेली कमाई. परळ-लालबागमधल्या गावकीच्या खोल्यांनी हे ओझं पूर्वी पुष्कळ उचललं. आता त्यांतल्या कितीतरी टॉवरखाली गेल्या. घरात एकच कमावता असेल आणि डोक्यावर कर्ज असेल तर हा विमा विचारात घ्या.

पण व्याख्या वाचून. ‘हृदयविकाराचा झटका’ म्हणजे ठरलेल्या तीव्रतेचा झटका. ब्लॉकेज निघालं आणि नुसती अँजिओप्लास्टी केली, तर पुष्कळ पॉलिसींत तो झटका धरला जात नाही. अगदी सुरुवातीच्या, जागच्या जागी असलेल्या कॅन्सरलाही पूर्ण रक्कम मिळत नाही. सुरुवातीला साधारण ९० दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो, आणि निदानानंतर ठरावीक दिवस, बहुधा ३०, पेशंट जिवंत असण्याची अट असते.

पायरी ६: सही करण्याआधी

पॉलिसीच्या चाळीस पानांपैकी तुम्ही एकच कागद वाचणार असाल तर ग्राहक माहितीपत्रक वाचा. जानेवारी २०२४ पासून ते सोप्या ठरावीक नमुन्यात द्यावं लागतं आणि मागितल्यास स्थानिक भाषेत. मराठीत मागा. एजंट ‘साहेब, इंग्रजीतच असतं’ म्हणाला तरी मागा.

त्यात चार गोष्टी शोधा. पहिली, झोन. काही कंपन्या गावाच्या पत्त्यावर हप्ता कमी लावतात आणि मुंबईत उपचार घेतला की बिलातला ठरावीक टक्का तुमच्यावर टाकतात. राजापूरच्या पत्त्यावर पॉलिसी आणि उपचार मात्र परळला, हे आपल्याकडे नेहमीचंच. असं कलम असेल तर थोडा जास्त हप्ता भरून वरचा झोन घ्या. मुलगा मुंबईत म्हणून त्याचा पत्ता टाकायचा, असले शॉर्टकट नकोत.

दुसरी, ॲम्ब्युलन्स. आरोग्य संजीवनीत एका ॲडमिशनला २ हजार मिळतात. रत्नागिरी-कोल्हापूर कार्डिॲक ॲम्ब्युलन्सपुढे ती रक्कम कुठे पुरणार? १०८ मोफत आहे, तिचा आधी विचार करा.

तिसरी, हॉस्पिटलची व्याख्या. नोंदणी नसलेल्या ठिकाणी १० लाखांखालच्या वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर वगैरे अटी लागतात. बाजारपेठेतल्या चांगल्या डॉक्टरांच्या तीन खाटांवर दोन दिवस सलाइन लावून घेतलं, तर नोंदणी दाखवता आली तरच दाव्याला जागा. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र आहे का, एकदा विचारून ठेवा.

चौथी, प्रतीक्षाकाळ. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. हर्निया, मूतखडा, मोतीबिंदू, गर्भाशयाची शस्त्रक्रिया यांना साधारण २ वर्षं. आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं. एप्रिल २०२४ च्या आधी ही मर्यादा ४ वर्षांची होती. सुपर टॉप-अपला हा काळ पुन्हा शून्यापासून लागतो, मूळ पॉलिसी कितीही जुनी असो. त्यामुळे ‘गुडघा करायचाय, तर आता टॉप-अप घेऊ’ हा विचार उशिराचा आहे.

अर्जात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, मागची ऑपरेशनं लपवू नका. एजंट स्वतः फॉर्म भरत असेल तर ‘नाही, नाही, नाही’ असं सरसकट टिकमार्क करतो. सही करण्याआधी ते पान वाचा. सलग ५ वर्षं पॉलिसी चालल्यावर कंपनीला माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण ती ५ वर्षं मधे आहेत.

पॉलिसी हातात पडल्यावर ३० दिवसांत नापसंत पडली तर परत करता येते.

हप्त्याचं एक बरं झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. कोणी जुनं, कर लावलेलं कोटेशन दाखवत असेल तर नवं मागा. आयकरात आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची सूट जुन्या करपद्धतीतच मिळते. नुसत्या तिच्यासाठी विमा घेऊ नका.

पायरी ७: हप्त्याची तारीख

ही गोष्ट कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नसते. आपली कमाई हंगामी आहे. बागायतदाराच्या हातात पैसा मे-जूनमध्ये असतो आणि गणपतीनंतर आटतो. मच्छीमाराचं उलट: जून-जुलैच्या बंदीत घरात नुसता खर्च. पॉलिसी ज्या तारखेला सुरू होते, दर वर्षी त्याच तारखेला हप्ता येतो. म्हणून आंबेवाल्याने ती जूनच्या सुरुवातीला सुरू करावी, मच्छीमाराने हंगाम लागल्यावर दिवाळीच्या सुमारास. वार्षिक हप्त्याला नंतर ३० दिवसांची सवलत असते, पण पैसे भरेपर्यंतच्या त्या मधल्या दिवसांत आलेल्या आजारपणाचा दावा मिळेल असं धरून चालू नका.

पायरी ८: दाव्याची वेळ

ठरवून करायच्या ऑपरेशनला ४८ तास आधी कंपनीला किंवा टीपीएला, म्हणजे तिच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेला, कळवा. तातडीचं असेल तर ॲडमिट झाल्यापासून २४ तासांच्या आत. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला ३ तासांपेक्षा जास्त लावायचे नाहीत, असा नियामकाचा २०२४ चा नियम आहे. काउंटरवरचा माणूस ‘संध्याकाळी बघू’ म्हणाला तर हे शांतपणे सांगा.

मूळ आणि सुपर टॉप-अप वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर पहिल्या दिवशीच दोघांनाही कळवा, बिल वर जाईल की नाही याची वाट बघू नका. आधी मूळ कंपनी पैसे देते, मग तिचं सेटलमेंट पत्र, बिलांच्या साक्षांकित प्रती आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन दुसरीकडे जायचं. एकाच कंपनीचे दोन्ही असले तर ही धावपळ वाचते. हप्त्यात थोडा फरक असला तरी गावाकडच्या माणसाने एकच कंपनी बघावी असं माझं मत आहे, कारण झेरॉक्स काढायला आणि कुरियर करायला तालुक्याला जावं लागतं.

सगळे कागद फोनमध्ये आणि मुंबईतल्या एका नातेवाइकाच्या फोनमध्ये ठेवा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात कपाटंच्या कपाटं कागद गेले.

दावा नाकारला किंवा कापला तर कारण लेखी मागा. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. महिनाभरात काही घडलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकतात. राज्यात त्यांची कार्यालयं मुंबईला, ठाण्याला आणि पुण्याला आहेत. तुमचा तालुका कोणाकडे येतो ते पॉलिसीच्या मागच्या पानांत छापलेलं असतं. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तिथे जायला हवं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. तो मान्य नसेल तर अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार त्यानंतरही उघडं असतं.